गुडघ्याखाली नागपूर

बेंगळुरूत स्थायिक झालेला मराठी माणूस गावाकडच्या नातेवाइकांशी फोनवर बोलू लागला की पहिली पाच मिनिटं हवेची असतात. मे महिन्यात तर हटकून. 'आमच्याकडे काय, रात्री पांघरूण लागतं,' असं तो सोलापूरच्या मावशीला सांगतो आणि पलीकडून येणारा उसासा मन लावून ऐकतो. बढाई अगदीच खोटी नसते. शहर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे आणि इथल्या उन्हाचा उच्चांक ३९.२ अंशांचा, तोही २०१६ च्या एप्रिलमधला. नागपुरानं मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिले आहेत. आमच्या सोसायटीतल्या नागपूरकर गृहस्थांना ३९.२ हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, 'हे सकाळी किती वाजताचं?'

तेव्हा बेंगळुरूची हवा चांगली आहे, याबद्दल वाद नाही. फक्त ती गुडघ्याच्या वर चांगली आहे. के. आर. पुरममधून सकाळी नऊच्या सुमारास मोटरसायकलवर बसून टिन फॅक्टरीकडे निघालेल्या माणसाच्या अंगावर एकाच वेळी दोन हवामानं नांदत असतात. मानेशी झुळूक, जॅकेटमध्ये डिसेंबर आणि उजव्या नडगीवर नागपूर. वेधशाळेचे तापमापक जमिनीपासून साधारण चार फुटांवर टांगलेले असतात, त्यामुळे हा खालचा प्रदेश सरकारी नोंदीत येतच नाही.

टिन फॅक्टरी हे नाव ऐकून तिथं डबे बनताना दिसतील अशी आशा कुणी ठेवू नये. तिथं वाहनं दिसतात. कोलार-होसकोटेकडून येणारा ओल्ड मद्रास रोड आणि हेब्बाळकडून सिल्क बोर्डाकडे निघालेला आऊटर रिंग रोड इथं एकमेकांना भेटतात आणि भेटले की त्यांना लवकर निरोप घेववत नाही. जोडीला रेल्वे स्टेशन, परगावच्या बसेस, मेट्रोच्या नव्या मार्गाचे खांब आणि खांबांच्या मधून वाट काढणारे आपण. रुळांवरून जाणाऱ्या पुलाला लोक 'हँगिंग ब्रिज' म्हणतात. तो झुलत वगैरे नाही, केबलींनी ताणून धरलेला आहे. त्यावर उभं राहायला इतका वेळ मिळतो की केबली मोजून होतात आणि चुकल्यासारखं वाटलं तर पुन्हा मोजता येतात. टॉमटॉम कंपनीनं २०१९ साली जगभरच्या शहरांची कोंडी मोजली तेव्हा बेंगळुरूचा पहिला नंबर आला होता, ७१ टक्के. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर अर्ध्या तासात होणाऱ्या प्रवासाला सरासरी एक्कावन्न मिनिटं. यातली वरची एकवीस मिनिटं कुठं जातात ते टक्केवारीत कळत नाही. नडगीला विचारलं तर ती सांगेल.

आता मोटरसायकलची बाजू ऐकून घेऊ. पेट्रोल इंजिन हे मुळात उष्णता निर्माण करणारं यंत्र आहे. ते जाता जाता चाकही फिरवतं, हा त्याचा चांगुलपणा. पेट्रोलमधल्या शंभर भाग ऊर्जेपैकी फार तर पंचवीस-तीस भाग कामी येतात. उरलेले सत्तर सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या अंगावरून हवेत जातात. हे गाडी पळत असतानाचं झालं. टिन फॅक्टरीला इंजिन चालू ठेवून उभं राहिलं की चाकाकडे काहीच जात नाही. लिटरला शंभराच्या वर मोजलेले सगळे रुपये उष्णतेत जातात आणि त्या उष्णतेला सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे आपला पाय.

साध्या मोटरसायकलच्या सिलिंडरवर ज्या पात्यांची चळत असते ती शोभेची नाही. धातूचा पृष्ठभाग वाढवावा, त्यावरून वारा जावा आणि वाऱ्यानं उष्णता न्यावी, अशी ती योजना आहे. या योजनेत एकच गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे गाडी चालेल. ज्या इंजिनिअरनं ती प्रथम आखली त्याच्या डोळ्यांसमोर माळरान असणार, डोंगरातला वळणांचा रस्ता असणार. पुढं बीएमटीसीची बस, मागं पाण्याचा टँकर आणि डाव्या बाजूला आपल्या आरशाला कोपर लावून उभा असलेला डिलिव्हरीवाला असेल, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या, महागड्या गाड्यांनी यावर रेडिएटर आणला. पंपानं कूलंट इंजिनभोवती फिरवायचा, त्याची उष्णता पुढच्या जाळीत आणायची आणि वारा नसेल तर पंखा लावून ती बाहेर फेकायची. कूलंट शंभर अंशांच्या आसपास पोचला की पंखा घों करून सुरू होतो. गाडीच्या जाहिरातीत इंजिनभोवती निळे बाण दाखवलेले असतात, जाळीतून बाहेर पडणारे तांबडे बाण पुढं कुठं जातात ते चित्रात येत नाही, कारण तिथं चित्र संपतं आणि गिऱ्हाईक सुरू होतं. कूलिंग सिस्टीम इंजिनला थंड ठेवण्यासाठी असते. वर बसणाऱ्याबद्दल तिनं कधीच काही कबूल केलेलं नाही.

त्यातच १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. धूर स्वच्छ झाला, ही चांगलीच गोष्ट. त्यासाठी सायलेन्सरच्या नळीत जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवतात त्याला काम करायला अडीचशे-तीनशे अंशांची धग लागते, म्हणून त्याला इंजिनच्या जवळ ठेवणं फायद्याचं. इंजिनच्या जवळ म्हणजे आपल्या जवळ. शहराची फुप्फुसं वाचवायला कुणीतरी पोटरी पुढं करायला हवी होती, ती आम्ही केली आहे. त्याबद्दल अजून कुठं सत्कार झालेला ऐकला नाही.

ही तक्रार बीएस-६ च्याही पुष्कळ आधीची आहे, मोटरसायकलच्या जन्मापासूनची. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत १८८५ साली पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली. सांगाडा लाकडी, चाकं लाकडी आणि इंजिन गादीच्या बरोबर खाली. पेट्रोल पेटवायला त्यात एक तापवलेली लाल नळी होती. नोव्हेंबरमध्ये डाइमलरचा मुलगा पाउल ती घेऊन कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमला निघाला आणि वाटेत गादीनं पेट घेतला, अशी हकिगत सांगतात. म्हणजे जगातल्या पहिल्या मोटरसायकलवाल्याला नोव्हेंबरच्या थंडीत, रिकाम्या रस्त्यावर, ट्रॅफिक नसताना चटका बसला. तिथून आपण केवढी प्रगती केली पाहा. धग गादीवरून नडगीपर्यंत खाली आणायला आपल्याला जेमतेम सव्वाशे वर्षं लागली.

घोड्याचं या बाबतीत बरं होतं. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती तेव्हा त्यांचे स्वार याच मुलखात फिरत. घोड्याचं इंजिन अडतीस अंशांवर चालतं, तापलं तर स्वतःच्या घामानं स्वतः थंड होतं आणि उभं असताना सत्तर टक्के चारा वाया घालवत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीला हेच बंगळूर तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या चिक्कदेवराज वाडियारांकडे गेलं, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. आज तीन लाखांत रेडिएटरवाली एक बरी मोटरसायकल येते. त्या काळी तेवढ्या पैशांत शहर मिळायचं आणि ते तापायचंही नाही.

तर उपाय. के. आर. पुरममध्ये हा विषय काढला की प्रत्येकाजवळ एक उपाय निघतो, आणि थोडा विचार केला की एक गोष्ट ध्यानात येते. यातला जवळजवळ कुठलाच उपाय उष्णता कमी करत नाही. तो तिची बदली करतो. शाळेत शिकवलं होतं की ऊर्जा नष्ट होत नाही, तिचं रूपांतर होतं. टिन फॅक्टरीला ती रूपांतर वगैरे करत बसत नाही, सरळ शेजाऱ्याकडे जाते.

सायलेन्सरच्या नळीला गुंडाळायची काच-तंतूंची पट्टी घ्या. तरुण पोरं हौसेनं गुंडाळतात. धग नळीच्या आत कोंडून राहते, पाय वाचतो, आणि कोंडलेली धग धुरासोबत मागच्या टोकातून बाहेर पडते. तिथं मागच्या गाडीवाल्याचा पाय असतो. (पावसाळ्यात ती पट्टी पाणी धरून ठेवते आणि आतली नळी गंजते, पण हा न्याय फार सावकाश मिळतो.) रेडिएटरच्या दोन्ही कडांना लावायची प्लॅस्टिकची पाखं मिळतात. ती गरम हवा बाहेरच्या बाजूला वळवतात. बाहेरची बाजू म्हणजे शेजारच्या स्कूटरवरच्या बाईंची साडी. त्या एकदा आपल्याकडे बघतात, मग आपल्या गाडीकडे, आणि काही न बोलता स्कूटर अर्धा फूट पलीकडे घेतात. तिथं आधीच कुणीतरी असतो, तो आणखी अर्धा फूट सरकतो. पाहता पाहता रिंग रोडच्या रुंदीभर सगळे अर्धा-अर्धा फूट सरकतात आणि शेवटचा फूटपाथवर चढतो. गरम हवेची ही भिशी रोज सकाळी चालते आणि तिचा नंबर प्रत्येकाला लागतो.

जाड जीन्स हा आणखी एक उपाय. ती धग आत यायला दहा मिनिटं लावते. नंतर ती तितक्याच चिकाटीनं धग बाहेर जाऊ देत नाही, आणि ऑफिसात एसीखाली बसल्यावरही उजवा पाय बराच वेळ ओल्ड मद्रास रोडवरच असतो. गुडघ्यापासून खाली येणारे गार्ड बरे. ते घालून मीटिंगमध्ये गेलं तर लोक बाजूला सरकून जागा देतात, हा वरचा फायदा.

काही जण बाटलीतलं पाणी तापलेल्या इंजिनवर ओततात. फस्स असा आवाज येतो, वाफ उठते, आजूबाजूच्यांना काहीतरी शास्त्रीय घडल्याचा भास होतो. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. असं करू नये. पाणी प्यावं.

इंजिन बंद करणं हा एकच खरा उपाय. बंद इंजिन नवी उष्णता तयार करत नाही, ती कुणाकडे बदलूनही जात नाही. सिग्नलला आकडे उलटे मोजत असतील तर हे छान जमतं. नव्वदला बंद करावं, पाचला बटण दाबावं. दिल्ली सरकारनं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीमच काढली होती. पण टिन फॅक्टरीचं दुखणं वेगळं आहे. तिथं रहदारी थांबत नाही आणि चालतही नाही, ती सरपटते. इंजिन बंद केलं की पुढची बस चार फूट सरकते. ते चार फूट आपण भरले नाहीत तर डावीकडून रिक्षा, उजवीकडून दुसरी रिक्षा आणि दोन्हींच्या मधून एक स्कूटर अशा तिघांना ती जागा दिसते. मग क्लच अर्धवट दाबून, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पायांनी जमीन ढकलत पुढं जायचं. अर्धवट दाबलेला क्लच घासतो आणि घासून तापतो. एकूण धगीत आपली तेवढीच भर. या प्रकारात उजवा पाय जितका होईल तितका इंजिनपासून लांब ठेवायचा असल्यामुळे पुलावर एका वेळी शे-दोनशे माणसं उजवा गुडघा बाहेर काढून बसलेली दिसतात. एखाद्या परदेशी पाहुण्याला ही इथली योगसाधना वाटू शकेल, आणि त्याला तसं वाटू द्यावं.

मी राममूर्तीनगरच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककडे गाडी नेली. मेकॅनिक पन्नाशीचा, मिताक्षरी. त्यानं कूलंट पाहिला, रेडिएटरच्या जाळीतला चिखल ब्रशनं काढला, ऑइलची काठी पुसून पुन्हा बुडवली, पंखा फिरतो का ते बघितलं. मग हात पुसत म्हणाला, 'गाडी को कुछ नै हुआ, सार. चलती रही तो थंडी रहती.'

'वही तो प्रॉब्लेम है. चलती नै ना,' मी म्हणालो. बेंगळुरूत आल्यापासून माझंही हिंदी तसंच झालं आहे.

'वो गाडी का प्रॉब्लेम नै, सार,' असं म्हणून त्यानं हातातल्या पान्यानं, बोट दाखवावं तसं, पुढच्या रस्त्याकडे दाखवलं आणि फक्त ब्रशनं जाळी साफ केल्याचे पैसे घेतले. त्याच्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे. पट्टी, पाखं, भारी ऑइल, काहीही माझ्या गळ्यात मारता आलं असतं.

दिवाळीला वडील सोलापूरहून आले. मागच्या सीटवर बसून एकदा टिन फॅक्टरी पाहून आल्यावर त्यांनी सोफ्यावर पाय वर घेतला, पँट वर सरकवून पोटरी तपासली आणि म्हणाले, 'आमच्या चेतकला असलं काही नव्हतं.'

वडिलांच्या पिढीचं हे वाक्य आपण कानाआड करायला शिकलेलो असतो. पण या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत आणि त्याचं कारण इटलीत आहे. व्हेस्पा आखली ती कोर्रादिनो दास्कानियो नावाच्या विमान-इंजिनिअरनं, १९४६ च्या सुमारास. या गृहस्थाला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. कपडे मळतात, इंजिन पायांत येतं, बसायला टांग टाकावी लागते, एकूण सगळंच त्याला गचाळ वाटे. म्हणून त्यानं इंजिन उचलून मागच्या चाकाशी, उजव्या कुशीत, पत्र्याच्या झाकणाखाली टाकलं. झाकणाखाली वारा कुठून येणार? तर इंजिनच्या फ्लायव्हीललाच पंख्याची पाती जोडली. इंजिन फिरतंय तोवर पंखा फिरणार आणि सिलिंडरवर वारा मारणार, मग गाडी पळो की टिन फॅक्टरीला उभी राहो. व्हेस्पाच्याच परवान्यावर आधी स्कूटर बनवणाऱ्या बजाजनं १९७२ साली चेतक आणली तेव्हा ही रीत तिच्यातही होती, आणि आजच्या बिनगिअरच्या पेट्रोल स्कूटरांतही बहुतेक तीच आहे. म्हणूनच पुलावर आपण गुडघा बाहेर काढून वितळत असताना शेजारच्या स्कूटरवरच्या काकू पाय जुळवून, पुढं कोथिंबिरीची पिशवी ठेवून, शांत बसलेल्या असतात. कोथिंबीरसुद्धा ताजी असते. मोटरसायकल ज्यांना आवडते त्यांनी मोटरसायकल बनवली आणि ज्याला ती आवडत नव्हती त्यानं माणसाचा विचार केला.

आपल्या कायद्यानंही केला आहे, पण दुसऱ्या बाजूनं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानं मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी सक्तीची केली आहे, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण तिला साडी-गार्ड म्हणतो. नियम उत्तम आहे, त्यानं कित्येक जीव वाचले असतील. पण डाव्या अंगाला साडीची व्यवस्था झाली आणि उजव्या अंगाला सायलेन्सर मोकळा राहिला. दाटीवाटीच्या पार्किंगमधून बर्म्युडा घालून चालणाऱ्या प्रत्येक मराठी, कन्नड, तेलुगू मुलाच्या पोटरीवर त्यानं एकदा तरी सही केलेली असते. (चटका बसला तर वीसेक मिनिटं नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरावं. टूथपेस्ट दातांना लावावी.)

'मग घे की चेतक,' आई म्हणाली. आईला विजेच्या चेतकबद्दल म्हणायचं होतं. जानेवारी २०२० मध्ये ती बाजारात आली तेव्हा सगळ्यात आधी दोनच शहरांत आली, पुण्यात आणि बेंगळुरूत. जणू माझ्या आईवडिलांना विचारूनच. एथरची पहिली स्कूटर तर याच शहरात २०१८ मध्ये रस्त्यावर आली. विजेच्या स्कूटरला उभं असताना जवळजवळ काहीच जाळावं लागत नाही. ना पाती, ना पंख्याचा घों, ना सायलेन्सर. टिन फॅक्टरीला त्या स्कूटरवाल्यांचे पाय गार असतात; ताप असतो तो डोक्याला, कारण नजर बॅटरीच्या टक्केवारीवर खिळलेली.

मी जवळजवळ तयार झालो होतो. पण बदलीचा सिद्धांत एकदा डोक्यात शिरला की सुखानं खरेदी करता येत नाही. कर्नाटकातली वीज काही शरावतीच्या पाण्यातून येते, काही पावगडच्या उन्हातून, आणि काही रायचूरजवळ शक्तिनगरला कोळसा जाळून. कोळशातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा तारेत चढते, बाकीची तिथंच धुरांड्यातून आणि वाफेतून आकाशात जाते. म्हणजे पट्टीवाला पोरगा मागच्याला देतो, पाखंवाला शेजारच्याला देतो आणि आपण थेट रायचूरला पाठवणार. रायचूरचा उन्हाळा आधीच चाळिशीच्या पलीकडचा. तिथल्या लोकांनी आपलं काय वाकडं केलं आहे? वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, 'रायचूर लांब आहे.' सोलापूरच्या माणसानं हे म्हणावं याचं वाईट वाटलं. गाडीनं एका रात्रीत पोचता येतं.

शेवटी मेट्रो. २०२३ च्या २५ मार्चला व्हाइटफील्ड ते के. आर. पुरम हा जांभळ्या मार्गाचा तुकडा सुरू झाला, पण पुढचा बैयप्पनहळ्ळीपर्यंतचा जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा ९ ऑक्टोबरपर्यंत अपुरा होता. मधले सहा महिने व्हाइटफील्डहून एसी डब्यात बसून आलेल्या लोकांना इथं उतरवत, बसमध्ये घालत, टिन फॅक्टरी दाखवत आणि पलीकडे पुन्हा एसी डब्यात बसवत. मार्गाच्या मधला नेमका हाच तुकडा राहावा, ही या जागेची पुण्याई. आता तो पूर्ण झाला आहे आणि बेन्निगानहळ्ळीच्या बाजूला गाडी वळली की खिडकीतून खालचा सगळा पट दिसतो. शेकडो हेल्मेटं, शेकडो बाहेर काढलेले उजवे गुडघे. डब्यात चोवीस-पंचवीस अंश. एसी म्हणजे आतली धग बाहेर टाकणारा पंप, त्यामुळे आपल्या डब्यातून उपसलेली उष्णता टपावरून कुणाच्या डोक्यावर जात असेल याचा हिशेब मी एकदा मनात मांडायला घेतला होता, तेवढ्यात समोरच्या सीटवर मेकॅनिक दिसला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर डबा, डोळे मिटलेले.

'आप यहाँ?' मी विचारलं. 'और आपकी गाडी?'

'गॅरेज में है, सार,' तो डोळे न उघडता म्हणाला. 'एकदम थंडी.'